टोनीचं गाणं आणि आबांची फटफटी

ज्यानं उमेदीची वर्षं ऑर्केस्ट्रात घालवली, त्याच्या घरी दोन गोष्टी साठतात. सत्कारात मिळालेले नारळ आणि किस्से. नारळ बायको चटणीला संपवते. किस्से संपत नाहीत. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून दुसरा डोकं काढतो, आणि दुसऱ्याला गप्प बसवावं तर तिसरा उठून उभा!

परवा एका लग्नाच्या वरातीत पोरं कानठळ्या बसवणाऱ्या गाण्यांवर नाचत होती. मी शेजारच्या पाहुण्याला म्हटलं, "एके काळी ह्याच कोल्हापुरात आमच्या गाण्यावर निदान एक माणूस नाचावा म्हणून आम्ही जिवाचं रान केलं होतं." पाहुणा म्हणाला, "काय राव, थापा मारताय." मला राग आला. म्हणून आता सगळं पहिल्यापासून सांगतो.

काळ ऐंशीच्या आसपासचा. आमच्या ऑर्केस्ट्राचं नाव 'रातराणी'. बापू आमचे मालक, निवेदक, गीतकार आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारची सीट अडवणारे. अब्बास ड्रमवर. त्याचं सगळं घराणं बँडवाल्यांचं, त्यांच्यात तान्ह्या पोराला खुळखुळ्याऐवजी ताशाची काडी देतात. मी दिवसा उद्यमनगरात लेथवर आणि संध्याकाळी ॲकॉर्डियनवर, म्हणून सगळे मला मास्तर म्हणायचे. आणि गाणारा टोनी. खरं नाव तानाजी. गवळ्याचं पोर, रंगानं सावळं, केस मानेपर्यंत, आणि गळा असा की ऐकणारा हातातला चहा गार करून बसायचा.

---

डिस्कोचं वारं कोल्हापुरात आलं ते मासिकातल्या फोटोतून. चकचकीत कपडे घातलेला कुणीतरी गवई बोट वर करून उभा होता. टोनीनं फोटो फाडून खिशात घातला आणि मला म्हणाला, "मास्तर, आपल्याला असा ड्रेस पायजेच."

आता आमच्या शिंप्यांना दोनच गोष्टी यायच्या. एक सफारी आणि दुसरा बँडवाल्यांचा लाल कोट. गावभर फिरून शेवटी टोनी गेला रहिमानचाचांकडे. चाचा म्हशींच्या झुली शिवायचे.

इथं बाहेरगावच्या माणसासाठी जरा थांबून सांगतो. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशींची मिरवणूक निघते. अंगावर आरशांची झूल, शिंगांना मोरपिसं, गळ्यात घुंगरं, पायात चांदीचे तोडे. आणि गवळी पुढं फटफटीवर! सायलेन्सर काढलेला, आवाज साऱ्या गल्लीला. प्रत्येक म्हैस आपल्याच मालकाच्या गाडीचा आवाज ओळखते आणि गर्दीतून वाट काढत तिच्या मागं धावते. ज्याची म्हैस मागं राहिली त्या गवळ्यानं वर्षभर कट्ट्यावर तोंड दाखवायची सोय नाही.

तर रहिमानचाचांनी टोनीचं माप घेतलं. छाती झाली, कंबर झाली, आणि टेप हातात धरून चाचा विचारात पडले. म्हणाले, "गळा किती ठेवू? शिंगं न्हाईत, त्यामुळं अंदाज येईना."

ड्रेस मात्र शिवला झकास! पहिल्याच कार्यक्रमात टोनीवर फोकस पडला आणि आरशांचे कवडसे मागच्या भिंतीपर्यंत नाचले. लोक "आऽऽहा" म्हणाले. पुढच्या रांगेत टोनीचे वडील, ईश्वराआबा, आयुष्यात पहिल्यांदा पोराचं गाणं ऐकायला आले होते. ते ताडकन उठून उभे राहिले आणि ओरडले, "आरं, ही तर आमच्या चंदीची झूल!"

कापड कमी पडलं म्हणून टोनीनं घरातली जुनी झूल चाचांना दिली होती.

कार्यक्रमानंतर आबा विंगेत आले. उंच, हाडापेरानं मोठे, डोक्याला तांबडा पटका. म्हणाले, "गाणं म्हणायला माझी ना न्हाई. पर ह्ये गुडघं वाकवून, बोट वर करून काय?"

"आबा, ह्येला डान्साचं गाणं म्हंत्यात. लोकं नाचत्यात ह्याच्यावर."

"कोण नाचलं? मला तर सगळी बसल्याली दिसली."

आबांनी पटका सारखा केला आणि सगळ्यांसमोर निकाल दिला. "पाडव्यापातुर येळ दिला. तुझ्या गाण्यावर एक माणूस, फकस्त एक, आपखुशीनं नाचल्याला मला दाव. दावलास तर गा जन्मभर. न्हाईतर पाडव्यापास्नं धारा आन् शेणकूर तुझ्याकडं. मला आता सकाळी उठवंना."

शेवटचं वाक्य ते हळू बोलले, पण मी शेजारीच उभा होतो. आबांचे गुडघे गेले होते. मला त्यांचा राग आला नाही. पण टोनीचा गळा म्हशींना हाका मारण्यात जाणार, हे काही मला पटेना.

---

बापूंनी गाणं लिहिलं. "बस गं मागं, धर गं घट्ट, फटफटी म्हणती फट् फट् फट्!" लिहायला त्यांना एक भेळ खाण्याइतका वेळ लागला. मी म्हटलं, "बापू, पुढचं कडवं?" ते म्हणाले, "मास्तर, ती गाडीवर बसली. आता बोलायचं काय ऱ्हायलं?"

चाल बसली, ठेका बसला, पण डिस्कोत तो एक आवाज असतो ना, 'टुंईं' करून खाली घसरणारा? तो आमच्याकडं नव्हता. त्याला मुंबईत यंत्र होतं म्हणे. आमच्याकडं अब्बास होता.

अब्बासनं गाडीची स्प्रिंग वाजवून बघितली. करवत वाकवून बघितली. माझ्या वर्कशॉपमधून पत्र्याचे तुकडे नेले. एक दिवस तो टोनीच्या दारात बसलेला, आणि टोनीची आई दुधाचा कॅन विसळत होती. आत पाणी हेलकावत होतं. हातातून निसटून कॅन पायरीवर आपटला आणि 'टुंईंऽऽ' झालं! अब्बास असा उठला, जणू पायाखाली विंचू आला.

त्या दिवसापासून आमच्या ड्रमसेटच्या डाव्या हाताला दुधाचा कॅन आला. अर्धा पाण्यानं भरलेला. मारायचं आणि लगेच तिरका करायचा, आवाज आपोआप घसरतो.

आठवडाभरानं आबा दारात कॅन बघत उभे. चेपून चेपून त्याचा पार पेरू झालेला. आबा म्हणाले, "ह्यातनं आता दूध मोजलं तर गिऱ्हाईक मला मारंल, आन् दूध काढलंच न्हाई तर म्हस."

---

गाण्याच्या सुरुवातीला फटफटीचा खरा आवाज पाहिजे, हा हट्ट टोनीचा. आणि गावात सगळ्यांत खणखणीत आवाजाची फटफटी कुणाची? आबांची! पण त्या गाडीला हात लावायची परवानगी आबांच्या बायकोलाही नव्हती. पुसायचं फडकंसुद्धा वेगळं, ते दुसऱ्या कशाला वापरलं तर घरात दोन दिवस अबोला.

आम्ही ठरवलं, चोरून रेकॉर्ड करायचं. सकाळी आबा दूध घालून परत येतात, त्या वेळी गोठ्याच्या भिंतीआड अब्बास टेपरेकॉर्डर घेऊन बसणार. आबा आले. फट्... फट्... आणि दाराशी येऊन गाडी बंद. अब्बासच्या हाती लागला एक खोकला आणि एक शिवी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळेच भिंतीआड बसलो, तर आबा गाडीवरूनच म्हणाले, "भित्तीमागं कोण हाय त्यानं भाईर यावं. तीन दिस झालं, डासांनी खाल्लं असंल."

आम्ही सगळे खाली मान घालून बाहेर आलो. टोनीनं खरं काय ते सांगितलं. आता काय ऐकावं लागतंय म्हणून आम्ही उभे, तर आबांचा चेहरा बदलला! गाण्याबद्दल त्यांचं काहीही मत असो, फटफटीचं कौतुक म्हणजे त्यांचा वीक पॉइंट.

"आवाज पायजे व्हय? मग आसं म्हाताऱ्या बाईगत काय रेकॉर्ड करतासा? पाना आण."

सायलेन्सर उतरला. आबांनी पटका घट्ट केला, किक मारली, आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं गल्लीत कुणाला कुणाचं बोलणं ऐकू आलं नाही. खालचा आवाज, वरचा आवाज, मध्येच तोडून परत. "ह्यो चढावरचा. आता ह्यो उताराचा. आन् ह्यो पाडव्याचा!" असं सांगत सांगत वाजवत होते. मी बऱ्याच वादकांना साथ केली आहे. वाद्यावर इतका जीव असलेला माणूस कमी बघितला.

शेवटी रंगात येऊन त्यांनी आपली पाडव्याची आरोळीही ठोकली, "हुर्रर्र हाऽऽ चंदीऽऽ!" आत गोठ्यात चंदीनं दावं ओढलं आणि खुंटा हलला.

अब्बास म्हणाला, "मास्तर, ही आरोळी काटायची न्हाई. मुंबईवाल्यांच्या बाच्यानं जमायची न्हाई असली."

---

रेकॉर्डिंग झालं जयसिंगपूरला. स्टुडिओत नव्हे, तंबाखूच्या गोदामात. बापूंच्या साडूंचं गोदाम, छतापर्यंत पोती. बापू म्हणाले, "पोती लावली की आवाज घुमत न्हाई. मुंबईत ह्याच्यासाठी भिंतीला गाद्या मारत्यात." त्यात तथ्य होतं. आवाज असा कोरडा ठणठणीत आला की रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन आलेले मिरजेचे गृहस्थ खूश झाले.

अडचण एकच. तंबाखू!

पहिल्या टेकला मी शिंकलो. दुसऱ्याला अब्बास. तिसऱ्याला खुद्द मिरजेचे गृहस्थ. मग नाकाला ओले रुमाल बांधून आम्ही वाजवायला बसलो, दरोडेखोरांची टोळी दिसत होती नुसती. गाणाऱ्यानं मात्र रुमाल कुठं बांधायचा? टोनी बिचारा श्वास रोखून गायला. सगळं गाणं नीट झालं. शेवटची ओळ आली, "फटफटी म्हणती फट् फट्..." आणि तिसऱ्या फट्च्या जागी, बरोब्बर समेवर, "आक्छींऽऽ!"

टेप संपत आली होती. परत घ्यायला दुसरी नव्हती. बापूंनी क्षणभर डोळे मिटले आणि निर्णय दिला, "ऱ्हाऊ दे. डिस्कोच हाय."

पुढं काय झालं ठाऊक आहे? कार्यक्रमात टोनीनं ती शिंक घेतली नाही तर लोक ओरडायचे, "शिंक खाल्ली! शिंक खाल्ली!" मग आम्हाला शेवटच्या ओळीआधी त्याच्यासमोर तपकिरीची डबी धरावी लागायची. ते काम ॲकॉर्डियनवाल्याकडं, कारण म्हणे माझा एक हात मोकळा असतो. कुठला मोकळा, हे बापूंनी मला आजवर सांगितलेलं नाही.

कॅसेट निघाली. एका बाजूला 'बस गं मागं' आणि दुसऱ्या बाजूलाही 'बस गं मागं'. मी विचारलं तर बापू म्हणाले, "लोकांना पालटायचा ताप नको."

---

पहिला मोठा कार्यक्रम कागलला. मैदान गच्च. टोनी आरशांच्या ड्रेसमध्ये, अब्बासचा कॅन चमकतोय, आणि आबा तिसऱ्या रांगेत, पंचासारखे.

गाणं सुरू झालं. टोनी असा नाचला की त्याच्या अंगावरचे दोन आरसे सुटून माझ्या मांडीवर पडले. आणि लोक? लोक मांडी घालून, हाताची घडी घालून, कुस्ती बघायला बसावं तसे बसून होते. कुणी डोळ्याची पापणी हलवेल तर शपथ! गाणं संपलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कुणीतरी "भले शाब्बास!" म्हणून आरोळी दिली. स्टेजवर येऊन टोनीला फेटा बांधला, खांद्यावर घेऊन मैदानाला एक चक्कर मारली. नारळ, हार, सगळं झालं. नाचलं मात्र कुणीच नाही.

टोनीला राहवलं नाही. खांद्यावरून उतरता उतरता त्यानं फेटा बांधणाऱ्या पाहुण्यांना विचारलं, "पावणं, तुमी का न्हाई नाचला?"

पाहुणे चमकले. "आमी? आवं, नाचायला तुमास्नी बोलीवलंय की! ज्येवायला बोलीवल्यावर आचाऱ्यासंगं चुलीम्होरं बसाय लागतंय व्हय?"

तिसऱ्या रांगेतून आबा नुसते हसले.

---

मग अब्बासनं एक बातमी आणली. धावत आला, दम लागलेला. "टोनी, चल! तालमीत पोरं नाचायला लागल्यात! तुझं गाणं लावून!"

टोनी तसाच अनवाणी गोठ्याकडं पळाला, आबांचा हात धरला आणि ओढत तालमीच्या दारात आणून उभं केलं. आत कॅसेट दणक्यात चालू. आणि खरंच, लंगोट बांधलेली सगळी पोरं एका ठेक्यात खाली-वर, खाली-वर! अब्बासच्या कॅनच्या प्रत्येक टुंईंला एकदम खाली. वस्ताद बाजूला उभे राहून मान डोलवतायत.

टोनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आबा, बघा. आपखुशीनं."

आबांनी वस्तादांना हाक मारली. "वस्ताद, ह्ये काय चाललंय?"

"बैठका की. ह्या गाण्यावर मारल्या तर पोरं दमंनात. लई गुणाचं गाणं हाय!"

आबा टोनीकडं वळले आणि शांतपणे म्हणाले, "ह्यो व्यायाम हाय."

परत येताना टोनी आमच्या पुढं पुढं चालत राहिला. पण तालमीतल्या पोरांच्या मांड्या त्या वर्षी अशा भरल्या की शेजारची तालीमही आमच्याकडं कॅसेट मागायला आली.

---

गणपतीच्या मिरवणुकीवर आमची खरी मदार होती. अब्बासच्या चुलत्यांच्या बँडनं 'बस गं मागं' बसवलं. मिरवणूक चौकात आली, क्लॅरोनेटनं सूर धरला आणि पोरांनी जो धुमाकूळ घातला! गुलालानं कोण काळं, कोण गोरं ओळखू येईना. टोनी आबांच्या शेजारी उभा होता. त्यानं नुसतं हातानं दाखवलं.

आबा म्हणाले, "ती गणपतीसाठनं नाचत्यात. तुझ्यासाठनं न्हवं. आत्ता पंचांग वाचलं तरी नाचतील."

अब्बास चिडला. तिथंच आबांच्या पुढ्यात जाऊन स्वतः नाचायला लागला. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अब्बास, आचाऱ्यानं भाजी चाखून झ्याक म्हटलं, तर त्ये मोजायचं नसतंय."

कागलचा आचारी त्यांनी नीट लक्षात ठेवला होता!

त्यानंतर टोनीनं नाद सोडला. सरावाला उशिरा यायचा, हाताला शेणाचा वास यायचा. धार काढायला शिकत होता. बोटं आखडतात म्हणून मूठ उघडझाप करत बसायचा. एकदा मी म्हटलं, "अरे, आबांना समजावून सांगू." तो म्हणाला, "नगा मास्तर. त्यांचं गुडघं खरंच गेल्यात. रातचं कण्हत्यात. मी एक माणूस नाचवू शकलो न्हाई, त्यात त्यांचं काय चुकलं?"

मला त्या दिवशी ॲकॉर्डियन उचलावंसं वाटलं नाही.

---

पाडवा उजाडला. नदीकडच्या मोकळ्या जागेत मांडव, चार बाजूंना कर्णे, स्टेजवर पाहुण्यांच्या खुर्च्या. माइकवर अर्थातच बापू. म्हशी सजून रस्त्याच्या त्या टोकाला उभ्या. सगळ्यांत पुढं चंदी, अंगावर नवी झूल, कारण जुनी टोनीच्या अंगावर. टोनी तो ड्रेस शेवटचा घालून आला होता. म्हणाला, "उद्यापास्नं झूल ज्येची त्येला."

गवळी एकेक करून फटफटी पळवत होते, म्हशी मागून धावत होत्या, टाळ्या पडत होत्या. आबांची पाळी आली. आबांनी किक मारली. गाडी गप्प. दुसरी मारली. गप्प. सायलेन्सर काढला होता, प्लग पुसला होता, पेट्रोल होतं, सगळं होतं, पण त्या दिवशी गाडी रुसली. लोक कुजबुजायला लागले. आबांच्या कपाळावर घाम. वर्षभराची इज्जत त्या किकवर!

बापूंना निवेदकाचा जन्मजात रोग होता. शांतता सोसायची नाही. "तोवर आपण एक गीत ऐकू या," असं म्हणून त्यांनी हाताशी असलेली कॅसेट सारली.

चारी कर्ण्यांतून आबांची फटफटी सुरू झाली. चढाची. मग उताराची. मग पाडव्याची!

चंदीनं मान वर केली. आबांची गाडी समोर बंद उभी, आणि आवाज तर स्टेजवरून येतोय. तिनं एकदा आबांकडं बघितलं, एकदा स्टेजकडं. आणि त्याच वेळी कर्ण्यातून आबांचीच आरोळी आली, "हुर्रर्र हाऽऽ चंदीऽऽ!"

चंदी सुटली. तिच्या मागं आबांच्या बाकीच्या म्हशी. सरळ स्टेजकडं! पाहुणे खुर्च्यांवर चढले. बापू माइकसकट टेबलाखाली गेले. आबा गाडी टाकून पळाले, कुठले गुडघे आणि कुठलं काय, आणि स्टेजच्या पुढं दोन्ही हात पसरून उभे राहिले. "हो चंदी! हो!"

चंदी थांबली. तेवढ्यात मागून कर्णा म्हणाला, "हुर्रर्र हाऽऽ!" चंदी डावीकडून कर्ण्याकडं निघाली. आबा डावीकडं उडी मारून आडवे. ती उजवीकडं. आबा उजवीकडं. अब्बासच्या कॅननं टुंईं केलं, चंदी दचकून फिरली, आबाही तिच्याबरोबर गर्रकन फिरले. एक हात वर, एक हात कमरेला, पटका सुटून गळ्यात, आणि पाय? पाय बरोब्बर ठेक्यावर! मी आयुष्यभर ठेका मोजला आहे, मला कुणी शिकवू नये.

टेबलाखालून बापूंचा हात टेप बंद करायला वर आला. टोनीनं स्टेजवर उडी मारून तो हात धरला. दुसऱ्या हातानं टेबलाखालचा माइक ओढून घेतला आणि गायला लागला. "बस गं मागं, धर गं घट्ट..." लोकांना वाटलं, हा ठरवलेला आयटम आहे! साऱ्या मैदानानं टाळ्यांचा ठेका धरला. खुर्चीवरचे पाहुणे धोतर सावरत जागच्या जागी उड्या मारत होते. चंदीनं शेवटी पुढचे दोन्ही पाय उचलले, आबांनी दोन्ही हात उचलले, आणि टोनीला तपकिरीशिवाय खरीखुरी शिंक आली. गाणं संपलं.

आबा धापा टाकत उभे. चंदी कर्ण्याच्या खांबाला हुंगतेय. सगळं मैदान ओरडतंय, "वन्स मोर! वन्स मोर!"

टोनी स्टेजवरून खाली उतरला. पुढं येऊन इतकंच म्हणाला, "आबा, ह्ये काय हुतं?"

आबांनी पटक्यानं तोंड पुसलं. "म्हस आवरत हुतो."

आणि गर्दीतून तालमीच्या वस्तादांचा आवाज आला, "मग आबा, ह्ये व्यायामात धरायचं व्हय?"

आबा कुणाकडं न बघता चंदीचं दावं धरून घरी गेले. हो म्हणाले नाहीत, की नाही म्हणाले नाहीत. पोरानं विचारायचं धाडस केलं नाही, आणि आम्ही तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी टोनीच्या दारात गेलो. सरावाची वेळ झाली होती, पण तो बाह्या सारून बादली घेऊन उभा होता. शब्दाला जागणारं पोर. मी काही बोलणार तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाणं ऐकू आलं. आमचंच.

आबा येत होते. फटफटी अजून बंदच होती, म्हणून सायकल हातात धरून चालत. कॅरिअरला टेपरेकॉर्डर सुतळीनं बांधलेला. मागं चंदी आणि सगळ्या म्हशी ओळीनं. आबांचं तोंड नेहमीसारखंच तुसडं. फक्त प्रत्येक 'फट्'ला उजवा खांदा जरासा वर जात होता.

दारात येऊन त्यांनी टेप बंद केला. टोनीच्या हातातली बादली बघितली.

"ठेव ती खाली," आबा म्हणाले. "प्रॅक्टिसला उशीर हुईत न्हाई व्हय?"